सांच्याची बराबर

तीर्थपुरीच्या बाजारात कुणालाबी थांबवून इचारा, ब्लाउजचा गळा कुणाच्या हातचा बसतो? गोरक्षनाथच्या. एकदा बसला की बसला, बाईला परत दुकानाची पायरी चढायची गरज न्हाई. मेंढरामागं हिंडणाऱ्या घरातलं हे पोरगं. घरात कुणी कधी गुंडी लावायची सुई धरली नव्हती, अन् आज पार अंबडकडच्या नवऱ्या मुली त्याच्याकडं लग्नाचे कपडे टाकत्यात. हे आधीच सांगितलेलं बरं. न्हाईतर पुढचं ऐकून कुणी समजायचं की माणूस कच्चा व्हता. कच्चा बिलकुल नव्हता. थकल्ता.

दुकान म्हंजी घराचीच ओसरी. रस्त्याच्या अंगाला मशीन, मागं कपडे टांगायची तार, अन् भिंतीला खिळ्यावर कापड मोजायचा लाकडी गज. मशीनच्या बाजूला पोत्यावर त्याची माय बसायची, झुंबरबाई. दिवसभर तिचा काही तरास नव्हता. चिंध्या निवडायची, गुंड्यांचे रंग लावायची, येणाऱ्या बाईला म्हणायची, "बस गं, पाणी पी." आलेली बाई कोण हे तिला ठावं नसायचं, पण आलेल्याला पाणी द्यायचं हे ती इसरली नव्हती. जालन्याच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्त्या. वय झालं, आता डोक्यातलं हळूहळू असंच पुसत जाईल, सांभाळून घ्या, एवढं बोलून त्यानं पुढच्या पेशंटला हाक मारली.

सांभाळून घ्या. बोलायला काय जातं?

खरी गोष्ट सांच्याला सुरू व्हायची. ऊन समोरच्या पत्र्यावरून खाली उतरलं की माय पोत्यावरून उठायची. पदर खोचायची. दाराच्या चौकटीला हात लावून रस्त्याकडं बघायची.

"आल्या का रे?"

"कोण, माय?"

"कोण म्हंजी? मेंढ्या."

"इकल्या ना माय. कवाच इकल्या."

"कुणी इकल्या?"

"बानंच इकल्या."

"अन् तुला कुणी सांगितलं? तू कोण?"

पहिल्यांदा गोरक्ष समजावून सांगायचा. मी गोरक्ष, तुपला धाकला, बा जाऊन लई दिवस झाले. ते ऐकून माय नव्यानं रडायची, जसं काही बा आत्ताच गेला. मंग दुसऱ्या दिवशी सांच्याला परत, "आल्या का रे?" पुढं पुढं गोरक्ष नुसता मशीन चालवत राह्यचा, ऐकलंच न्हाई असं करायचा. तर ती पायरी उतरून चालू पडायची. कधी नदीच्या अंगाला, कधी बसस्टँडकडं. तिथली रिक्षावाली पोरं हाका मारायची, "ओ टेलर, या जल्दी! तुपली माय मेंढ्या हुडकायला निघाली. एक-दोन आमच्या रिक्षात बी बघून घ्या!"

हासायचे. गोरक्ष बी त्यांच्यासोबत थोडं हासायचा, काय करता, अन् मायला हाताला धरून आणायचा. आल्यावर ती ताटाला शिवायची न्हाई. शालूनं, म्हंजी त्याच्या बायकोनं, भाकरी कुस्करून दुधात दिली तरी तोंड फिरवायची. "त्या बाहेर हायेत अन् मी खाऊ?" म्हणायची. उपाशी निजायची, उपाशी उठायची. हातापायाच्या काड्या झाल्या.

लग्नसराई व्हती. कामाचा ढीग पडलेला, पाय मशीनवरून निघत नव्हते, मान अशी आखडली की बाजूला बघायचं तर सगळं अंग वळवावं लागायचं. त्या दिवशी माय दोनदा स्टँडवर गेली अन् दोनदा तो हातातली शिलाई टाकून धावला. दुसऱ्यांदा आणून बसवली. बसली न बसली तोच उठली.

"आल्या का रे?"

गोरक्षनं खिळ्यावरचा गज काढला अन् उचलला.

मायवर उचलला. खाली आला तो मशीनच्या फळीवर. गुंड्यांचा डबा उधळला. पण हात वर गेल्ता तेव्हा तो फळीसाठी गेला नव्हता. हे त्याला ठावं व्हतं, शालूनं बी पाह्यलं. झुंबरबाई भिली न्हाई. खाली बसून गुंड्या येचायला लागली. "पोरं लई धांदरट," म्हणाली.

शालूनं गज उचलला, आत नेला अन् कुठं तरी ठेवून दिला. त्या दिवसापासून गोरक्ष नुसत्या टेपवर कापड मापायला लागला. गज कुठाय, हे त्यानं इचारलं न्हाई. तिनं सांगितलं न्हाई. नवरा-बायकोत ती एक गोष्ट दाराआड उभी राह्यली.

दुसऱ्या दिवशी तो अस्तर आणायला बजरंगलाल शेठच्या दुकानात गेला. शेठची तिसरी पिढी तीर्थपुरीत. बोलणं निम्मं मराठी, निम्मं हिंदी, अन् मधीच त्यांचं घरचं मारवाडी. शेठनं थानाची गुंडाळी उलगडली अन् तशीच ठेवली.

"गोरख, चेहरा क्या कर लिया? बुखार हाय का?"

"न्हाई शेठ. नीज न्हाई."

"नीज तर बिमाराला पण येते. मनात काय हाय?"

गोरक्षला सांगायचं नव्हतं. पण सांगून बसला. गज उचलल्याचं सांगताना त्याचा आवाज इतका खाली गेला की शेठनं कान पुढं केला. ऐकून शेठ 'राम राम' म्हणला न्हाई की उपदेश केला न्हाई. गल्ल्याच्या मागून एक कोरी डायरी काढली. कंपन्यावाले नवीन वर्षाला वाटत्यात, तसली, वर कापडाच्या मिलचं नाव.

"ही घे. रोज लिही."

"काय लिहू? गिऱ्हाइकांची मापं लिहितो की मी."

"मापं नको रे बाबा. हिसाब पण नको. आपलं लिही. आज काय झालं, काय वाटलं. इचरज गेली ना," शेठची बायको, "तेव्हा मला वाटलं डोकं फुटतं. तेव्हापासून लिहितो. दुकान वाढवतो, मंग पाच मिनिट लिहितो, मंग घरी जातो. जे लिहिलं ते दुकानात राहते. मी एकटा घरी जातो. समजलं?"

"मला लिहायला येत न्हाई तसं, शेठ. आठवीत सोडली शाळा."

"मला कुठं येते? माझी मराठी बघून पोतदार मास्तर मेला होता." शेठ सोताच हासला. "कुणाला दाखवायचं न्हाई तर चुकलं कोण म्हणल? एकच बात. झूठ न्हाई लिहायचं. आपल्यालाच झूठ सांगायला डायरी कशाला पाहिजे?"

पहिल्या दिवशी गोरक्षनं एकच ओळ लिहिली. 'काल मी मायवर हात उचलला.' लिहून बघत बसला. त्याला वाटल्तं कागदावर आलं की जास्त लागंल. लागलंच. पण दिवसभर मशीनच्या घरघरीत तेच तेच फिरत व्हतं, ते एका जाग्यावर बसलं. उंडारलेलं जनावर दाव्याला बांधावं तसं. बांधल्यावर जनावर जात न्हाई कुठं, पण आपल्याला दुसरं काम करता येतं.

मंग लिहीत गेला. सांच्याला मायचा कल्ला झाला की, दुकानाच्या दाराचं एक फळकूट लावून. अक्षर वाकडं, शब्द बोलतो तसे. 'आज मान लई दुखून राह्यली.' 'आज मायला वरडलो. दुपारचं जेवण राह्यल्तं.' पुढं चार पानांनंतर परत, 'वरडलो. आज बी जेवलो नव्हतो.' हे त्याचं त्यालाच दिसलं तेव्हा तो चकित झाला. एवढा मोठा माणूस, अन् भाकरीच्या भुकेनं मायवर वरडून राह्यला? त्यानं शालूला सांगितलं, काम कितीबी असू दे, दुपारी मला उठवून जेवू घाल. शालू म्हणली, "लगीन झाल्यापसून तेच सांगून राह्यले मी, तवा ऐकलं न्हाई. आता काय डायरीनं सांगितलं?"

"हो," तो म्हणला. "डायरीनं सांगितलं."

"मंग तिलाच स्वयंपाक करायला लावा."

चांगलं बी लिहायचा. एक दिवस शेजारची शेळी दुकानात घुसली अन् एका मास्तरीणबाईच्या साडीचा फॉल चावत उभी राह्यली, तेव्हा माय पोट धरून हासली. असली गोष्ट दोन दिवसांत माणूस इसरतो, अन् रडणं तेवढं ध्यानात राहतं. गोरक्षला ते पान वाचून कळालं की मागचे सगळेच दिवस वाईट नव्हते. थकवा गेला म्हणता येत न्हाई. थकवा तसाच व्हता, मानेत, पायात. पण थकव्यात जे विष मिसळल्तं ते निवळायला लागलं.

पण माय जेवत नव्हती. अन् हे काही डायरीत लिहून भागणारं नव्हतं.

गोरक्षचा थोरला भाऊ आबाराव वाटूर फाट्याला असतो. टायरचं दुकान. त्याच्या हातची पंक्चर दुसऱ्यांदा फुटली असं आजपर्यंत एकाबी ट्रकवाल्यानं म्हणलं न्हाई, अन् फाट्यावर उभं राहून त्याचं नाव घेतलं तर चहा फुकट मिळतो. शिक्षण सातवी, पण शब्दाचा पक्का. त्याचा फोन आला.

"गोरख्या, शालूचा फोन आल्ता. माय पार सुकली म्हणे?"

"खात न्हाई, आबा."

"अन् तू बी सुकला म्हणे."

गोरक्षनं मशीनचं चाक हातानं थांबवलं.

"ऐक. पुढच्या बाजारी मी जीप घेऊन येतो. मायला मपल्याकडं नेतो. तुपल्याच्यानं झालं तेवढं तू केलं. ह्यात कुणी काही म्हणणार न्हाई, अन् म्हणलं तर मपल्याशी गाठ हाय."

भाऊ असावा तर असा. पण गोरक्षला फोन ठेवल्यावर फाटाच दिसायला लागला. चारी बाजूनं ट्रक, आबारावचं दुकान ऐन रस्त्यावर, अन् दुकानामागच्या एका खोलीत घर. तिथं सांच्याला माय पदर खोचून उठंल. इथं स्टँडवरची पोरं टवाळी करत्यात, पण वाट तरी अडवत्यात. तिथं कोण अडवणार? ट्रक?

अन् दुसरं बी मनात आलं, ते त्यानं तसंच लिहिलं. 'माय गेली तर मला नीज येईल. हे वाटलं म्हून लाज वाटून राह्यली. पण वाटलं.'

ते लिहून झाल्यावर पुढं काही सुचेना. म्हून तो मागची पानं चाळायला लागला. मायच्या बऱ्या दिवसांचं काही दिसतं का, जाताना आबाला सांगता यावं. 'माय जेवली न्हाई.' 'जेवली न्हाई.' मधीच एक. 'आज नवरीवाल्याचा फोन आल्ता. रेंज न्हाई म्हून रस्त्यावर जाऊन वरडावं लागलं, माप बराबर हाय, बराबर. माय जेवली.' तो पुढं गेला. परत दोन कोरडे दिवस. मंग, 'ट्रॅक्टरवाला मागं घेत व्हता, त्याला बाहेरून येऊ दे येऊ दे, बराबर म्हणलं. माय सोताहून ताटावर बसली. कामून कुणास ठाऊक.'

कामून कुणास ठाऊक, हे त्यानं सोताच लिहिल्तं अन् सोताच इसरल्ता. लिहिताना त्या दोन गोष्टी शेजारी-शेजारी पडल्या व्हत्या एवढंच. त्याच्या डोक्यात त्या कधी शेजारी आल्या नसत्या.

त्यानं आबारावला फोन लावला.

"आबा, एक इचारू? बाहेरून 'बराबर' म्हणलं की माय कामून जेवती?"

पलीकडं टायरवर हातोडा पडून राह्यल्ता. तो थांबला.

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी न्हाई. मपल्या डायरीत दिसलं."

"लेका गोरख्या." आबारावचा आवाज बदलला. "ते बाचं वरडणं हाय."

गोरक्षला हे ठावं असायचं कारणच नव्हतं. तो लहान असताना त्याला शाळेसाठी मामाकडं ठेवल्तं. मेंढरामागं गोदाकाठापर्यंत हिंडला तो आबाराव, मायबापासोबत. अनवाणी, उन्हातान्हात, अन् एक कोकरू कधी कोल्ह्याला जाऊ दिलं न्हाई. त्यानं सांगितलं. सांच्याला मेंढ्या जाळीच्या कुंपणात घेतल्या की बा मोजायचा न्हाई. मेंढ्या तोंडानं मोजल्या की नजर लागती, आपल्यात मोजत न्हाईत. बा जाळीच्या तोंडाशी उभा राहून नुसती नजर फिरवायचा. काळी, भुरी, कानफाटी, लंगडी, सगळ्या वळखायचा. मंग जाळीचं तोंड बांधायचा अन् चुलीकडं बघून एकच शब्द वरडायचा. 'बराबर!' तो शब्द आल्याशिवाय माय भाकरीचा तुकडा मोडत नव्हती. एकदा एक पाठ, तरणी मेंढी, राह्यली मागं, तर मध्यान रात झाली तरी तवा तसाच. "ती ज्वारीत अडकल्ती. मी आणली उचलून," आबाराव म्हणला. "मंग बा वरडला, अन् मंग माय जेवली."

"एवढी गोष्ट तू कधी सांगितली न्हाई."

"तू कधी इचारलं?"

पलीकडं हातोडा परत पडायला लागला.

बाजारच्या दिवशी आबाराव जीप घेऊन आला. मागं गादी टाकून आणली, उशी आणली, मायसाठी केळी आणली. शालूनं मायच्या साड्यांचं गठुडं बांधून ओसरीत ठेवल्तं. कुणाचं कुणाकडं बघणं चाललं नव्हतं. चहा झाला. ऊन पत्र्यावरून खाली उतरायला लागलं.

माय उठली. पदर खोचला.

"आल्या का रे?"

गोरक्ष मशीनवरून उठला. पायात मुंग्या आल्त्या. मायच्या बाजूनं पायरी उतरून रस्त्यावर गेला, घराकडं पाठ करून उभा राह्यला. समोर केळीवाल्याचा गाडा, दोन मोटरसायकली, धूळ. लाज वाटून राह्यली. त्यानं त्या धुळीवर एकदा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली, अन् वळून वरडला, "बराबर!"

केळीवाला म्हणला, "काय बराबर, टेलर?"

दारात माय तशीच उभी. कपाळाला आठी.

"तुपला आवाज गळ्यातून येऊन राह्यला," आबाराव ओसरीतून म्हणला. "बा पोटातून वरडायचा. बाजूला सर." तो खाली उतरला, छाती भरून घेतली अन् असा वरडला की स्टँडपर्यंत गेला असंल. "बराबररर!"

"आवं, एवढं कामून वरडता?" माय आतून म्हणली. ती कवाच आत गेल्ती. "ऐकू आलं की मला. हात धुवा अन् या."

आवं म्हणली. दोघा भावांनी एकमेकाकडं बघितलं. शालूनं तोंडाला पदर लावला. मायनं सोताच्या हातानं भाकरी मोडली, पहिलं ताट आबारावपुढं सरकवलं, दुसरं गोरक्षपुढं. "खा रे पोरा, कुणाचा हायेस?" म्हणली, अन् मंग सोता खाली बसून खाल्लं. हळूहळू, पण पुरी भाकरी.

निघताना आबारावनं गठुड्याकडं हात केला न्हाई. जीपमधली गादी-उशी काढून ओसरीत ठेवली. "हे राहू दे. मायला पोतं टोचत असंल." मंग गोरक्षला म्हणला, "रोज पोटातून वरड. न जमलं तर फोन कर, मी फोनवरून वरडतो. मपला आवाज फोनवर बी चालतो."

रोज जमतं असं न्हाई. काही सांच्याला माय बराबर ऐकून बी मान हालवती, अन् म्हणती, "भुरी दिसली न्हाई." मंग गोरक्षला परत पायरी उतरावी लागती, भुरी आणायला. केळीवाला आता इचारत न्हाई. टोपली बाजूला सरकवतो अन् म्हणतो, "गेली इकडून, बघा." कधी कधी गोरक्ष एवढा थकलेला असतो की खाली जायला अंगात जीव नसतो, तरी जातो. वरडतो. मंग एक फळकूट लावून डायरी उघडतो, दिवसभरात जे जे इकडंतिकडं उधळलं ते एकेक आत घेतो. मायचं, गिऱ्हाइकांचं, सोताचं. कुठलं राह्यलं का बघतो. डायरी मिटताना तोंडातल्या तोंडात तोच एक शब्द म्हणतो. सवय लागली.

परवा एक बाई नऊवारी मापायला आल्ती. टेपनं नऊवार मापणं म्हंजी पाच जागी धरा, पाच जागी सोडा. गोरक्ष गुडघ्यावर बसून मापत व्हता, मान आखडलेली, माय बाजूला नव्या गादीवर गुंड्या निवडत व्हती. त्यानं वर बघितलं तर भिंतीच्या खिळ्यावर गज टांगलेला. कवा टांगला ते कळालं न्हाई. शालू आत भाकरी थापून राह्यल्ती, थापायचा आवाज येऊन राह्यल्ता.

त्यानं हात वर केला, गज काढला, अन् साडीच्या काठाला लावला.